उंटावरचे शहाणे आणि भीमथडीचा घोडा

आमच्या घरच्या बुद्धिबळातला काळा हत्ती हरवला होता. त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असायचं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. झाकण उभं-आडवं सरळ चालायचं. हत्तीकडून आणखी काय हवं?

पुढे जुन्या भारतीय बुद्धिबळांची चित्रं बघायला लागलो, तेव्हा कळलं की आमचं झाकण चांगल्या खानदानात बसतं. पट चौसष्ट घरांचा, हे सगळीकडे ठरलेलं. पण त्या घरांत उभं कोण राहणार, हे ज्याने त्याने आपल्या अंगणात काय दिसतं ते पाहून ठरवलं. वाळवंटातल्या कारागिराने उंट कोरला, नदीकाठच्याने होडी. बारामतीकराने ‘पट’ हा शब्द उच्चारला की समोरचा डोळा मारतो, पण तो राजकारणाचा पट आज बाजूला ठेवू. हा लाकडाचा, हाडाचा आणि हस्तिदंताचा आहे.

हत्ती कुठे उभा राहतो?

आपल्याकडे कोपऱ्यात हत्ती, मग घोडा, मग उंट. हेच जगाचं मत असणार, असं वाटतं ना? कोलकात्यात विचारा. तिथे कोपऱ्यात नौका असते आणि आपला उंट जिथे उभा राहतो तिथे गज. म्हणजे आपण ज्याला हत्ती म्हणतो ती त्यांची होडी, आणि आपल्या उंटाच्या जागी त्यांचा हत्ती. केरळात कोपऱ्यातली सोंगटी म्हणजे रथ, आणि हत्ती तिथेही उंटाच्या घरात. एका टेबलावर पुणेकर, बंगाली आणि मल्याळी बसवले आणि ‘हत्ती मारला’ असं कुणी ओरडलं, तर आधी कोणता ते विचारावं लागेल.

खरी गंमत रशियात आहे. रशियन भाषेत आपल्या उंटाला ‘स्लोन’ म्हणजे हत्ती म्हणतात आणि कोपऱ्यातल्या सोंगटीला ‘लाद्या’ म्हणजे नाव. थेट बंगालचा हिशोब! अरबांनी हत्तीला ‘अल-फील’ म्हटलं, स्पॅनिश लोक त्या सोंगटीला आजही ‘अल्फिल’ म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याच सोंगटीचा बिशप करून टाकला. आपला उंट, बंगाल्यांचा गज आणि इंग्रजांचा धर्मगुरू ही एकच असामी आहे. तिरकं चालणाऱ्याला लोक काय काय समजतात!

एकाच हाताने कोरलेले शत्रू

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या तोंडी एक नाव नेहमी असतं: ‘जॉन कंपनी’. ईस्ट इंडिया कंपनीचं हे लाडाचं नाव, आणि बंगालमध्ये मुर्शिदाबादजवळच्या बहरमपूर इथे घडलेल्या हस्तिदंती बुद्धिबळांनाही तेच चिकटलं. एका बाजूला कंपनीची फौज, दुसऱ्या बाजूला देशी राजाची. राजा अंबारीत, वजीर अंबारीत, खाली माहूत. देशी बाजूची प्यादी ढाल-तलवार घेतलेली, कंपनीची बंदूक घेतलेली.

आता त्या बंदूकवाल्या प्याद्यांकडे नीट बघा. बरीचशी देशी शिपाईच आहेत. इतिहासातही तसंच होतं. कोरणारा बंगाली, लढणारे दोन्हीकडून इथलेच, आणि विकत घेणारा साहेब. तो ती पेटी विलायतेला नेई आणि दिवाणखान्यात मांडून ठेवी. या सोंगट्यांवर खेळ फारसा झाला नसावा असं त्यांच्याकडे बघूनच वाटतं. हौद्याचा दांडा काडीएवढा, बंदुकीची नळी सुईएवढी. एकदा तावातावाने ‘शह!’ म्हणून आपटलं की सैन्य निःशस्त्र.

लाल विरुद्ध हिरवा

राजस्थानी सोंगट्या तर लग्नाच्या वरातीसारख्या दिसतात. हस्तिदंतावर रंग, रंगावर सोनेरी नक्षी, हत्तीच्या पाठीवर झूल, उंटावर स्वार. आपल्याला काळं-पांढरं म्हणजेच बुद्धिबळ वाटतं, पण जुन्या भारतीय संचांत एक फौज लाल आणि दुसरी हिरवी हे अगदी नेहमीचं.

पटाचंही तसंच. एकाआड एक काळी-पांढरी घरं हा आपल्याकडचा जुना रिवाज नव्हे. आपला पट कापडाचा, एकरंगी, रेघांनी आखलेला, काही घरांत फुल्या काढलेल्या. ‘अष्टापद’ हे त्या चौसष्ट घरांच्या पटाचं जुनं संस्कृत नाव. कापडाचा पट गुंडाळून खोगिराच्या पिशवीत टाकता येतो. लाकडाचा पट घेऊन मोहिमेवर कोण जाणार?

कातारी झिंदाबाद

आता माझं खरं मत सांगतो. हे हौदे, माहूत आणि बंदुका बघायला छान. पण लग्नात आलेला डिनर सेट जसा शोकेसमधून कधी बाहेर येत नाही, तसंच यांचं. खेळायची बुद्धिबळं वेगळी असत, आणि ती कातलेली असत.

कातारी म्हणजे लाटणी, पलंगाचे खूर आणि पाळण्याच्या दांड्या कातणारा कारागीर. उत्तरेत त्याला खरादी म्हणतात. फिरत्या लाकडाला किंवा दंताला पटाशी लावून तो राजाचा घुमट काढी, वजिराचा त्याहून जरा ठेंगणा घुमट, उंटाचं टोक, प्याद्याची छोटी गोळी. डोळे नाहीत, सोंड नाही, शेपूट नाही. संग्राहकांच्या भाषेत याला मुसलमानी घाटाच्या सोंगट्या म्हणतात, कारण सजीवांच्या मूर्ती टाळण्याच्या रीतीशी हा घाट जोडला जातो. पण खेळणाऱ्याला त्या बऱ्या वाटण्याचं कारण फार साधं आहे. त्या पडत नाहीत, मोडत नाहीत आणि हातात बसतात.

शिवाय त्यांत नजरेची परीक्षा आहे. नवशिक्याला राजा आणि वजीर सारखेच दिसतात, आणि तो तिथेच फसतो. मला तर संशय आहे की जुन्या खेळाडूंना हे आवडतही असावं.

याच कुळातलं एक उलटं टोक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. भलामोठा हस्तिदंती हत्ती, त्यावर राजा, भोवती घोडेस्वार, आणि बुडाशी कुफी लिपीत कोरलंय की हे यूसुफ अल-बाहिलीचं काम. शतकानुशतकं लोक त्याला शार्लमेन बादशहाच्या बुद्धिबळातला हत्ती समजत आले. तो हिंदुस्थानात घडला असावा असं पुष्कळांना वाटतं, आणि तो मुळात सोंगटी आहे का यावरच वाद आहे. एवढा मोठा हत्ती उचलून चाल करायची म्हणजे खेळणाऱ्यालाच माहूत ठेवावा लागला असता.

विशाखापट्टणमची खासियत आणखी वेगळी. चंदनाच्या पेटीवर हस्तिदंत, शिंग, कासवाची पाठ आणि साळिंदराचे काटे जडवायचे आणि पेटी उघडली की आत पट. सोंगट्यांपेक्षा पेटीच देखणी. दागिन्यापेक्षा डबी भारी, हा प्रकार आपल्या सराफकट्ट्यावरही बघायला मिळतोच.

अडीच घरांचा मानकरी

पटावरच्या सगळ्या प्राण्यांत एकच आपल्या मातीतला: घोडा. भीमा नदीचं थडं म्हणजे काठ, तिथला तो भीमथडी. इंग्रजांच्या काळी पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि बारामती त्यात मोडे. शेजारी इंदापूर. या पट्ट्यातली तट्टं ठेंगणी, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर जगणारी आणि डोंगर-माळ सारखाच मानणारी. दख्खनच्या बंदरांतून आलेले अरबी-तुर्की घोडे आणि इथली तट्टं यांच्या मिश्रणातून ही जात तयार झाली. मराठी फौजेचा धावता संसार यांच्याच पाठीवर होता. अलीकडे या भीमथडी घोड्याची सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. देशातल्या नोंदलेल्या घोड्यांच्या जातींत ही आठवी, आणि पटाच्या बाजूलाही घरं आठच. योगायोग आहे, पण सोडवत नाही.

इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईतच पडले. त्यांच्या काळी स्वार दोन प्रकारचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. पटावरचा घोडा कुणाचा म्हणायचा? मेला तर नुकसान खेळणाऱ्याचं, स्वाराचं नाही. म्हणजे बारगिराचाच.

घोड्याची चाल अडीच घरांची, आणि त्या अडीच घरांनी पंडितांना वेड लावलंय. कोडं असं: घोड्याने पटावरच्या प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून सगळा पट फिरायचा. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ‘काव्यालंकार’ ग्रंथात याचा श्लोक केला. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, म्हणजे अर्धा पट. सरळ वाचला तरी तोच श्लोक, घोड्याच्या चालीने अक्षरं उचलली तरी तोच! याला तुरगपदबंध म्हणतात. पुढे वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त हा खेळ केला.

मग येतात आपले नीलकंठ भट्ट. घराणं मूळ पैठणचं. पूर्वज सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिले. नीलकंठांच्या ‘व्यवहारमयूखा’वर मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत वारसाहक्काचे खटले लढले गेले, महामहोपाध्याय काण्यांनी तो संपादला. त्याच ‘भगवंतभास्कर’ नावाच्या बाडात ‘नीतिमयूख’ आहे आणि त्यात बुद्धिबळ. नीलकंठांचा घोडा सगळी चौसष्ट घरं फिरतो, जिथून निघाला तिथेच परत पोचायच्या बेतात थांबतो, आणि त्याच्या वाटेची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. थोर गणिती ऑयलरने या कोड्यावर निबंध लिहिला तो १७५९ साली. पैठणकरांचा घोडा त्याआधीच रपेट करून आला होता. वडिलांच्या जमिनीत धाकट्याचा वाटा किती, हे लिहिणारा माणूस फावल्या वेळात घोडा नाचवत होता, हे मला फार आवडतं.

आणि शब्दांची अशी कसरत म्हटलं की बारामतीकराच्या डोक्यात एकच नाव येणार. मोरोपंत पराडकर! जन्म पन्हाळ्याचा, १७२९चा. पण आयुष्य काढलं बारामतीत, सावकार बाबुजी नाईकांच्या आश्रयाने, आणि १७९४ साली देह ठेवला तोही इथेच. नाईकांचा वाडा आजही कऱ्हेकाठी उभा आहे. पंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात. त्यांतलं एक निरोष्ठ, म्हणजे प-फ-ब-भ-म यांसारखं ओठ जुळवावं लागणारं एकही अक्षर नाही. ‘राम’ हे नावच उच्चारायचं नाही आणि रामायण सांगायचं! पंतांनी तुरगबंध लिहिला असं माझं म्हणणं नाही. पण बाबुजींच्या ओसरीवर कुणी रुद्रटाचा तो श्लोक म्हणून दाखवला असता, तर पंतांना रात्रभर झोप लागली नसती, याची मी खात्री देतो.

प्यादं उठलं, लगेच दौडलं

आज आपण खेळतो ते युरोपी नियमांचं बुद्धिबळ. देशी नियम निराळे, गावागणिक बदलणारे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह लागला नसेल तर, आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा. प्यादं पलीकडे पोचलं की हवं ते होता येत नसे. ज्या घरात पोचलं त्या घरच्या सोंगटीचा मान त्याला मिळे. हत्तीच्या घरी पोचलं तर हत्ती. काही ठिकाणी घोड्याच्या घरी पोचलेलं प्यादं घोडा होऊन त्याच दमात एक उडीही मारून घेई. नवीन नोकरी लागल्याच्या दिवशीच दौऱ्यावर!

आणि सर्वांत मानाचा विजय कोणता? प्यादेमात. वजिराने राजाला कोंडलं तर त्यात काय विशेष. साध्या प्याद्याने कोंडलं तर समोरच्याला चार दिवस पारावर तोंड दाखवता येत नसे.

या देशी नियमांवर वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान आपल्या मालकाबरोबर विलायतेला गेला, युरोपी नियम तिथे पक्के केले आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. ग्रँडमास्टर किताब त्याला मिळाला तो २०२४ साली, मरणानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

भाषेतल्या सोंगट्या

मराठीने बुद्धिबळातून बरंच उचललंय. शहाला काटशह, प्याद्याचा फर्जी (फर्जी म्हणजेच वजीर), आणि मात तर रोजचीच. पण मला आवडतात त्या अपघाताने जुळलेल्या म्हणी. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ म्हणजे लांब बसून कारभार करणे. पटाच्या कोपऱ्याजवळ बसून लांबच्या तिरक्या रेषेवर डोळा ठेवणारा उंट दुसरं काय करतो? आणि आपली चाल सोडून शेजारच्याला चाली सांगणारा, तो उंटावरचा शहाणा. प्रत्येक पारावर असे चार तरी असतातच. खेळणारे दोनच.

बाई कुठे आहे?

भारतीय पटावर राणी नाही. राजा, त्याचा वजीर, बाकी सगळं लष्कर. हा वजीरही मुळात दुबळा, तिरकं एकच घर सरकणारा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याच्या जागी आलेल्या राणीला आजची अफाट ताकद मिळाली. सावंतवाडीचे चितारी रंगवतात त्या दशावतारी गंजिफांतही हेच: दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०, आणि चित्राची पानं राजा आणि वजिराची. राणी तिथेही नाही.

पटावर नव्हती, पटाबाहेर बसली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच फटक्यात ग्रँडमास्टर झाली. तिच्या हातातल्या त्या सोंगटीला मराठीत अजून ‘वजीर’च म्हणतात.

अमृतसरी घोडा, ग्रीक नाक

आज जगभर दिसणारा घाट ‘स्टाँटन’. १ मार्च १८४९ रोजी लंडनमध्ये नॅथॅनिएल कुक याच्या नावाने तो नोंदला गेला, जॅक्स कंपनीने बनवला आणि हॉवर्ड स्टाँटन या नामांकित खेळाडूने आपलं नाव वापरायला दिलं. त्यातल्या घोड्याचं तोंड अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून लंडनला नेलेल्या घोड्याच्या शिल्पावरून घेतलं, असं सांगतात. आणि हा घोडा आज कोरला जातो कुठे? मोठ्या प्रमाणावर अमृतसरला. पूर्वी जिथे हस्तिदंत कोरत, तिथे आता शिसवी आणि बॉक्सवूड. बाकीच्या सोंगट्या यंत्रावर कातता येतात, घोडा मात्र हातानेच कोरावा लागतो. त्यामुळे संचाची किंमत विचारली की जाणकार राजाकडे बघत नाहीत, घोड्याची आयाळ बघतात.

माळ्यावर सापडलं तर

जुन्या वाड्याच्या माळ्यावर पांढुरक्या सोंगट्यांची डबी सापडली, तर हर्षवायू व्हायच्या आधी भिंग घ्या. बारीक काळसर ठिपके, छिद्रं दिसली तर हाड. बुडाच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, आणि मग विकायचं नाव काढू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ला आफ्रिकी हस्तिदंताचाही. शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही. तो कायदाही १९७२चाच. आता जयपूरकडे ‘हस्तिदंती’ दिसणारे संच बहुधा उंटाच्या हाडाचे असतात. म्हणजे हत्तीसुद्धा उंटाचाच.

आपला संच

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटात बायको सोंगट्या गायब करते, आणि संजीवकुमार-सईद जाफ्री ही जोडी स्वयंपाकघरातल्या लिंबा-टोमॅटोंची फौज मांडून खेळायला बसते. तेव्हापासून माझ्या डोक्यात बारामती-इंदापूरचा संच घोळतोय.

घोडा भीमथडी, त्यावर वाद नको. कोपऱ्यात हत्तीऐवजी, इंदापूरकरांचं ऐकायचं तर, बंगाल्यांसारखी नाव. उजनीच्या पाण्यावर भिगवणपासून पळसदेवपर्यंत मासेमारांच्या होड्या रोज दिसतात. बारामतीकर म्हणेल, छे, तिथे उसाचा डबल ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर हवा. सरळ चालतो, वळत नाही, आणि समोर कोण आहे ते बघत नाही. दोन कोपरे दोघांना वाटून देऊ. उंटाच्या जागी उजनीतला रोहित पक्षी. एका पायावर उभा असल्याने सोंगटी जरा डळमळेल, पण राजस्थानी उंट तरी कुठे पक्के उभे राहत?

प्यादी उसाच्या कांड्यांची. मारलेली तिथेच सोलून खायची. आणि एखादी आठव्या घरी पोचलीच, तर तिचा गूळ.